तो दमत का नाही?

संध्याकाळचे सात वाजलेत. तुम्ही ऑफिसातून येऊन चपला काढताय, आत कुकरची शिट्टी होतेय, मोठ्याची उद्या चाचणी आहे, आणि नेमका तेव्हाच घरातला कुत्रा सुटतो. सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून बेडरूममध्ये, तिथून पुन्हा हॉलमध्ये. तोंडात धाकटीचा मोजा. ती किंचाळत मागे पळते आणि तिच्या किंचाळण्याने त्याला आणखी चेव येतो. मग कुणीतरी ओरडतं, कुणीतरी त्याला गॅलरीत कोंडतं. रात्री मुलं झोपल्यावर तुम्ही दोघं हळू आवाजात एकमेकांना विचारता, आपल्याच्यानं हे निभणार आहे का?

कुत्र्यांच्या सवयी सुधारण्याचं काम मी घरोघरी जाऊन करते, त्यामुळे हा प्रश्न पडलेले आईबाबा मला नेहमी भेटतात. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "याला दमवायचं तरी कसं ते सांगा." त्या आवाजात कुत्र्याबद्दलची तक्रार कमी असते, स्वतःची दमणूक जास्त असते. म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे. आधी त्या कुत्र्याची बाजू मांडते.

आपल्याकडे फ्लॅटमध्ये सर्रास दिसतो तो लॅब्राडॉर. प्रेमळ आहे, मुलांत रमतो, म्हणून आपण त्याला आणतो आणि त्यात काही खोटं नाही. पण त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली राबत होते. गारठलेल्या समुद्रात उडी टाकून गळातून निसटलेला मासा धरायचा, जाळ्याच्या दोऱ्या ओढून आणायच्या, हे त्यांचं रोजचं काम. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमरावांनी ती कुत्री इंग्लंडात नेली आणि शिकारीत पडलेली बदकं दलदलीतून अलगद तोंडात धरून आणायला शिकवली. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पिढ्यान् पिढ्या त्यांची पैदास याच गुणांवर झाली. दिवसभर उत्साह टिकला पाहिजे, तोंडात काहीतरी धरायची ओढ पाहिजे, माणसाला सोडून राहवता कामा नये. असा जीव सहाव्या मजल्यावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकटा बसून असतो. तुम्ही दार उघडता तेव्हा त्याचा खरा दिवस सुरू होतो आणि तुमचा संपत आलेला असतो.

बाकीच्यांचंही तेच. बीगल तासन् तास सशाचा माग काढणारा, जर्मन शेफर्ड मेंढ्यांच्या कळपाभोवती दिवसभर फेऱ्या घालणारा, हस्की सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारा. हस्की पुण्या-नागपूरच्या उन्हात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरात आलाच असेल तर त्याची काळजी घ्यावीच लागेल, पण दुसऱ्या कुणाला तो घ्यायचा सल्ला कृपा करून देऊ नका. लातूर-सोलापूरकडचा कारवान, ज्याचा भाऊबंद कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो, त्याची गोष्ट निराळी. तो वासापेक्षा नजरेवर धावतो. कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत चार-दोन जोरकस धावा मिळाल्या की घरात येऊन शांत पडून राहतो. आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांबरोबरची कुत्री तुम्ही पाहिली असतील. कळपाबरोबर चालायचं, मुक्काम पडला की सावलीत झोपायचं, रात्री कळपाची राखण करायची. त्यांना कुणी वेगळा व्यायाम देत नाही, कारण त्यांच्या दिवसाला काम आहे आणि ते काम माणसांच्या सोबतीनं आहे. तुमच्या कुत्र्याच्या दिवसात याच दोन गोष्टींची उणीव असते आणि त्या फ्लॅटमध्येही देता येतात.

बाबालोकांना पहिला उपाय सुचतो तो धावण्याचा. पहाटे उठून पाच किलोमीटर पळवून आणलं, तरी नऊ वाजता तो पुन्हा दारात चेंडू घेऊन उभा. मग सात किलोमीटर, मग दहा. यात होतं काय, तर त्याचं हृदय, फुप्फुसं, स्नायू तयार होत जातात आणि काही आठवड्यांनी तुमच्या घरात पूर्वीपेक्षा दमदार कुत्रा असतो. चेंडूचंही असंच. एकच चेंडू पन्नास वेळा फेकला की शरीर थकतं, पण डोकं तापलेलंच राहतं. धावणं, झडप घालणं, पुन्हा धावणं. त्या उत्तेजनेतून तो घरी आल्यावरही तासभर बाहेर येत नाही, धापा टाकत येरझाऱ्या घालतो, आणि आपण म्हणतो, बघा, एवढं खेळवलं तरी दमला नाही. शिवाय दर वेळी करकचून थांबण्याचा आणि गर्रकन वळण्याचा भार गुडघ्यांवर आणि खुब्यांवर येतो. चेंडू टाकूच नये असं माझं म्हणणं नाही. पाच-सात वेळा फेका, मधे त्याला बसायला लावा, आणि त्याला अजून हवा असतानाच खेळ संपवा. भिंतीवर लेझरचा लाल ठिपका फिरवून मात्र कधीही खेळवू नका. तो ठिपका कधीच हाती लागत नाही, आणि काही कुत्री पुढे सावल्या आणि उजेडाचे कवडसे बघून झपाटल्यासारखी धावत राहतात.

पिल्लाच्या बाबतीत तर फारच जपा. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात. हाडांच्या टोकांशी वाढीचा जो भाग असतो तो तोवर कोवळा असतो. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला रोज जिने चढवणं-उतरवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं, बाबांच्या जॉगिंगबरोबर पळवणं, याने पुढे सांधे दुखू शकतात. आणि पट्टा हातात धरून स्कूटरमागे कुत्रा पळवणारी मंडळी मला पहाटेच्या रस्त्यावर दिसतात, त्यांना मी थांबवून सांगते की हे करू नका. त्याला थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही.

मग काय करायचं? त्याच्या नाकाला काम द्या.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. विजेच्या खांबाशी थांबलेला कुत्रा एकदा नीट बघा. घाई करू नका, मोबाइल खिशात ठेवा. आधी तो मान वर करून हवा घेतो. मग नाक खाली जातं आणि नाकपुड्यांच्या बाजूच्या बारीक चिरा झरझर हलायला लागतात. सेकंदाला चार-पाच हुंगे. खांबाच्या बुडाशी वाळलेलं एक पान असतं. त्याच्यावरून पुढे जातो, थबकतो, मागे येतो, पान नाकाने उलटं करतो आणि खालच्या बाजूला नाक टेकवतो. जीभ टाळ्याला लावून तो वास जणू चाखतो. शेपूट स्थिर झालेलं असतं, कान पुढे आलेले असतात. रात्री इथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे सगळं तो त्या पानावर शोधत असतो. आणि नेमक्या त्याच क्षणी आपण पट्टा ओढतो, "चल रे लवकर, शाळेची बस येईल."

अर्ध्या तासाच्या फेरीतली निदान वीस मिनिटं त्याची असू द्या. वाट त्याने ठरवायची, थांबायचं कुठे ते त्याने ठरवायचं, तुम्ही फक्त रहदारी आणि कचरा सांभाळायचा. दोन फुटी आखूड पट्ट्याऐवजी तीन मीटरचा घ्या आणि गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस लावा, म्हणजे वासामागे मान खाली घातली तरी गळा आवळणार नाही. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या दोघींनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन वस्तू शोधायला लावलं, बाकीच्यांना तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकवलं. नंतर समोर एक वाडगं ठेवलं, ज्यात खाऊ आहे की नाही याची खात्री त्यांना नव्हती. वासाचं काम केलेली कुत्री त्या वाडग्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेली, म्हणजे काहीतरी चांगलं मिळेल अशी आशा त्यांच्यात वाढली होती. हे वाचल्यावर मला प्रयोगापेक्षा घरोघरचे चेहरे आठवले. नाकाने भरपूर काम केलेला कुत्रा घरी येऊन पाणी पितो, एक लांब श्वास सोडतो आणि आडवा होतो.

घरातही हे करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. रोजचं जे जेवण आपण वाडग्यात ओततो आणि तो मिनिटभरात फस्त करतो, तेच त्याला शोधून खाऊ द्या. जुन्या टॉवेलवर त्याच्या कोरड्या खाद्याचे दाणे पसरून गुंडाळी करा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे टाकून वर कागदाचे बोळे बसवा. घरी येणाऱ्या पार्सलची खोकी फेकू नका. चिकटपट्टी आणि पिना काढून, आत थोडा खाऊ ठेवून, त्याला फाडू द्या. पुठ्ठा फाडणं त्याच्या दातांना, जबड्याला आणि मनाला फार बरं वाटतं, आणि तुमचा सोफा वाचतो. फक्त तो पुठ्ठा गिळत नाही ना, एवढ्यावर लक्ष ठेवा. रबराच्या पोकळ खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवलात तर तो चाटत चाटत अर्धा तास स्वस्थ बसतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा यातलं काही त्याच्या पोटात जाता कामा नये, आणि शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपच्या होतात.

एक सूचना लॅब्राडॉरवाल्यांसाठी. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना जवळजवळ दर चौथ्या लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गहाळ असल्याचं दिसलं. अशा कुत्र्याला भूक जास्त लागते. म्हणून या खेळांत जे घालाल ते त्याच्या दिवसाच्या मापातून वजा करा. खाण्यावर त्याचा जीव आहे, त्याचाच उपयोग शिकवण्यासाठी होतो, पण वजन वाढलं की सांध्यांवर भार येतो आणि मग फिरणंही नकोसं होतं.

हडपसरला एका घरी मला बोलावलं होतं. दहा महिन्यांचा ब्रुनो, दोन खोल्या, नोकरी करणारे आईबाबा, दुसरीतली मुलगी आणि आजी. सोफ्याचा एक हात पूर्ण उघडा पडला होता, आतला स्पंज दिसत होता. आजी पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. कुत्रा आणायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता आणि त्यांनी तो मला दारातच सांगितला. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवर अर्धवट शिवलेली गोधडी होती. मी त्यांना सिंकमध्ये घालतात ती भोकांची रबरी जाळी मागितली आणि विचारलं, तुमच्याकडे चिंध्या आहेत का? जुन्या सुती चादरीच्या वीतभर पट्ट्या फाडून प्रत्येक भोकातून ओवायच्या आणि गाठ मारायची, एवढंच सांगितलं. आजींनी माझ्या पहिल्या दोन गाठी सोडवून पुन्हा घट्ट मारल्या. तासाभरात हिरवळीसारखी दाट झालर तयार झाली. नातीने तिच्यात मूठभर दाणे पेरले. ब्रुनो त्यात नाक खुपसून बसला तो बराच वेळ वर आला नाही. फुरफुर आवाज, मधूनच एक शिंक, पुन्हा नाक आत. शेवटचा दाणा संपल्यावर त्याने सगळी जाळी परत एकदा तपासली आणि मग आजींच्या खुर्चीजवळ, त्यांच्या पायांपासून हातभर अंतर राखून, पसरला. आजी म्हणाल्या, "आता हा असाच राहील का?" मी म्हणाले, रोज काम मिळालं तर बराचसा राहील. सोफ्यावरचं लक्ष कमी व्हायला त्यानंतर काही आठवडे लागले, आणि त्या काळात आईबाबांनी सकाळची फेरी एकदाही चुकवली नाही हे मला मुद्दाम सांगायला हवं. नुसत्या जाळीने ते झालं नसतं.

आता मुलांबद्दल बोलते. तुमच्याशी बोलायचं मुख्य कारण तेच आहे.

कुत्रा घरात यायच्या आधी मूल वचन देतं, "आई, मी रोज फिरवीन, शी पण मीच उचलीन, शप्पथ." ते खोटं बोलत नसतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुढच्या पंधरा दिवसांपलीकडचं दिसत नाही, इतकंच. मग पावसाळा येतो, क्लास सुरू होतात, उत्साह ओसरतो, आणि घरात एक वाक्य ऐकू यायला लागतं, "तू फिरवत नसशील तर आपण त्याला देऊन टाकू." हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. ते ऐकणारं मूल रात्री कुत्र्याच्या कुशीत तोंड खुपसून रडतं, आणि आपल्या आवडत्या जिवाचं राहणं-जाणं आपल्या आळसावर अवलंबून आहे हे ओझं त्या वयाला पेलत नाही. कुत्रा आणायचा निर्णय मोठ्यांनी घेतला, तेव्हा त्याला फिरवायची जबाबदारीही मोठ्यांची. आणि मोठ्यांची म्हणजे एकट्या आईची नव्हे. डबे, शाळा, स्वयंपाक यांच्या जोडीला कुत्राही गुपचूप तिच्याच खाती येतो, हे मी घराघरात बघते. सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची, असं ठरवून फ्रीजवर लिहून लावा. दुपारी घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना फिरवायला सांगू नका, त्यांच्या हातून दहीभाताचं खेळणं तेवढं देववा. दोघांनाही वेळ होत नसेल तर पैसे देऊन भरवशाचा माणूस ठेवा, त्यात कमीपणा नाही.

शाळकरी मुलाच्या हाती मोठ्या कुत्र्याचा पट्टा एकट्याने देऊ नका, सोसायटीच्या आवारातसुद्धा. तीस किलोचा कुत्रा मांजर दिसल्यावर झेपावतो तेव्हा मोठ्या माणसाचाही खांदा हिसडतो. कोपऱ्यावरची गल्लीतली कुत्री भुंकत अंगावर आली तर काय करायचं, हे मुलाला सुचणार नाही. तुम्ही बरोबर असा, मुख्य पट्टा तुमच्या हातात ठेवा, मुलाला दुसरा हलका पट्टा धरू द्या. आणि पट्टा मनगटाला गुंडाळू नका असं त्यालाही शिकवा.

पण कुत्र्याला कामाला लावण्यात मुलांइतकं तरबेज कुणी नसतं. त्यांना लपवायला आवडतं आणि त्याला शोधायला. एकाने कुत्र्याला धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत पडद्यामागे जाऊन उभं राहायचं आणि एकदाच हाक मारायची. सापडल्यावर भरपूर कौतुक आणि एक तुकडा. हाकेला धावत येण्याची सवय त्याला याच खेळातून लागते आणि एखाद्या दिवशी पट्टा सुटला तर ती त्याचा जीव वाचवते. बस, थांब, सोड, ये हे चार शब्द मुलांना शिकवू द्या, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, एकाने "बस", दुसऱ्याने "सिट" आणि तिसऱ्याने "खाली बस ना रे" म्हटलं की तो गोंधळतो. दोरीची ओढाओढी खेळायलाही हरकत नाही, दात हाताला लागले की खेळ तिथेच बंद एवढा नियम पाळा. दहा मिनिटं डोकं चालवल्यावर तरुण कुत्रा कसा जांभया द्यायला लागतो ते बघून मुलांना फार मजा वाटते.

त्यांना आणखी तीन गोष्टी शिकवाव्या लागतील. तो जेवत असताना, झोपलेला असताना किंवा काही चघळत असताना त्याच्याजवळ जायचं नाही. तो अंगावर उड्या मारायला लागला किंवा मागे धावला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात छातीशी घ्यायचे, झाडासारखं उभं राहायचं आणि नजर दुसरीकडे वळवायची. पळणारं, किंचाळणारं मूल म्हणजे त्याला खेळच वाटतो. आणि तो गुरगुरला तर लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं. गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नका, कारण पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल. स्वतःच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा दात किंवा नख लागून रक्त आलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत "आपलाच तर आहे" हा विचार करू नका.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून दीड वर्षाचा होईपर्यंतचा काळ सगळ्यांत अवघड जातो. याच काळात लोक हात टेकतात. काल हाकेला येणारा आज तुमच्याकडे बघून उलट दिशेला पळतो. न्यूकासल विद्यापीठाच्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. पाच महिन्यांची असताना "बस" ऐकणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती, पण परक्या माणसाने तेच सांगितलं तर ऐकत होती. घरात तेरा-चौदा वर्षांचं लेकरू असलेल्या आईबाबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हा टप्पा सरतो. त्यात आवाज चढवण्याऐवजी नियम सोपे ठेवा, लांब पट्टा सोडू नका, आणि ऐकलं की लगेच काहीतरी चांगलं हाती ठेवा. याच काळात कंटाळून कुत्र्याला टेकडीवर नाहीतर घाटात सोडून येणारे लोक आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे, आणि घरात वाढलेलं ते जनावर रस्त्यावर तगत नाही. खरोखरच जमत नसेल तर नीट घर शोधून द्या, त्याला महिने लागले तरी लागू देत.

आता त्या सात वाजताच्या धुमाकुळाकडे येते. पुष्कळदा तो उरलेल्या ताकदीचा नसतो, अपुऱ्या झोपेचा असतो. पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं, मोठा कुत्रा बारा ते चौदा. मुलं शाळेतून आल्यापासून सगळे त्याच्याभोवती असतील, पाहुणे उचलून घेत असतील, टीव्ही लागलेला असेल, तर ते पिल्लू पेंगुळलेल्या बाळासारखं किरकिरं होतं आणि चावायला लागतं. आपण समजतो ताकद उरलीये, आणि पुन्हा खाली पळवायला नेतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा दिनक्रम नोंदवला, त्यात त्यांचा अर्ध्याहून जास्त वेळ नुसतं पडून राहण्यात जाताना दिसला. स्वतःच्या मर्जीने जगणारा कुत्रा एवढी विश्रांती घेतो. तुमच्या घरात त्याला वर्दळीपासून दूर, पंख्याखाली, एक कोपरा द्या आणि तिथे तो असेल तेव्हा मुलांनी त्याला हात लावायचा नाही. दुपारी आणि संध्याकाळी सहाच्या आधी त्याची झोप झाली की बघा, सातचा गोंधळ किती उतरतो. थोडा राहीलच. दोन-चार मिनिटं कान मागे टाकून घरभर गोल गोल पळणं हा तरुण कुत्र्याचा आनंद आहे, तेवढ्यापुरत्या काचेच्या वस्तू वर ठेवा आणि पळू द्या.

एप्रिल-मे महिन्यांत फिरण्याच्या वेळा बदला, पहाटे उजाडताना आणि रात्री रस्ता निवल्यावर. कुत्र्याला घाम फक्त पंजांतून येतो, बाकी अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. डांबरावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हात पळवूच नका. जीभ लालभडक, तोल जातोय, लाळ चिकट झालीये असं दिसलं तर ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर नळाचं साधं पाणी ओता, वारा घाला, आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पावसाळ्यात फेरी आखूड झाली तरी चालेल, घरातलं नाकाचं काम वाढवा. आल्यावर बोटांच्या फटी कोरड्या करा आणि कानांत, काखेत गोचिड्या आहेत का ते बोटांनी चाचपून बघा. पोटभर जेवणानंतर तासभर तरी दांडगाई नको, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. आणि एवढं सगळं करूनही तो स्वस्थ बसत नसेल, स्वतःचं शेपूट धरून फिरत राहत असेल, रात्री झोपत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. दुखणाऱ्या कुत्र्यालाही एका जागी चैन पडत नाही.

सुरुवात आजच्या जेवणापासून करा. आज त्याचे दाणे वाडग्यात ओतू नका. मुलीला हाक मारा, तिच्या ओंजळीत दाणे द्या. पहिल्या दिवशी त्याला दिसेल असंच ठेवायचं, खुर्चीच्या पायाशी, दाराच्या मागे, तिच्या दप्तराशेजारी. त्याला कळलं की उद्या थोडं आड, परवा दुसऱ्या खोलीत. तोवर तुम्ही दोघांनी उद्या सकाळी गजर कुणी लावायचा ते ठरवून टाका.